सहावा दात आणि पुढची फट

"मॅडम, ऑर्थोला रेफर करू का?" केस पेपर हातात धरून इंटर्न दारातच उभी होती. "९ वर्षांची मुलगी आहे. वरच्या पुढच्या दातांत फट. आई म्हणते आजच तार लावा. आणि छत्तीस नंबरची दाढ चांगलीच किडलीय, पण त्याबद्दल त्या ऐकूनच घेत नाहीत."

ऑर्थो म्हणजे दातांना तार लावणारा विभाग. तिचं शेवटचं वाक्य ऐकून मी म्हटलं, आधी माझ्याकडे पाठव.

आमचं दंतवैद्यकाचं कॉलेज कोल्हापूरच्या बाजूचं. पेडोच्या, म्हणजे लहान मुलांच्या दातांच्या, ओपीडीला लागून एक छोटी खोली आहे. तिच्यात दात तपासायची खुर्ची नाही, नुसत्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक हातआरसा. दारावर 'समुपदेशन' लिहिलंय, पण शिपाईमामा पेशंटला सांगतात, "त्या बोलायच्या खोलीत जावा." मला तेच नाव आवडतं.

आई, आजी आणि मुलगी, तिघी आत आल्या. मुलीला आपण तन्वी म्हणू, खरं नाव वेगळं आहे. आई खुर्चीच्या कडेवर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, कुठल्याही क्षणी उठून जाईल अशी. इंटर्नने बाहेर काय विचारलं असेल ते मला न सांगता कळलं. नंतर तिनेच कबूल केलं: "दाढ एवढी किडेपर्यंत काय करत होता तुम्ही?" तिच्या वयाची असताना मीही हेच विचारायचे. या प्रश्नाला उत्तर नसतं. पालक एकतर खोटं बोलतात, नाहीतर गप्प बसतात.

मी दाढेचं नावच काढलं नाही. "ताई, फटीचं सांगा," म्हटलं.

मग ती बोलली. वर्गात पोरं 'खिडकी' म्हणतात. मामाच्या लग्नातल्या एकाही फोटोत पोरगी हसलेली नाही. बोलताना आई स्वतः ओढणीचं टोक तोंडावर धरत होती. तिचे वरचे दात पुढे होते. "आमच्या वेळी कुणी बघितलं नाही हो मॅडम. हिचं तरी वेळेत व्हावं." आता मला कळलं, आजच तार का हवी होती. फट लेकीची होती, घाई आईच्या जुन्या दुखण्याची.

तन्वीला आरशासमोर बसवलं. मधली फट २ मिलिमीटरच्या आसपास, आणि बाजूचे दोन दात पंख्यासारखे बाहेर कललेले. पुस्तकात या अवस्थेला 'कुरूप बदकपिल्लाची अवस्था' म्हणतात. अमेरिकन दंततज्ज्ञ ब्रॉडबेंट यांनी १९३७ साली तिचं वर्णन केलं. विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं, आणि उत्साहाच्या भरात एखादा ते पालकांसमोर बोलूनही जातो. कृपा करून बोलू नका. समोर ती मुलगी बसलेली असते.

यावर आपलं तयार उत्तर असतं: "काही नाही, आपोआप भरेल, काळजी करू नका." वैद्यकीयदृष्ट्या बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण ज्या घराने महिनोन्महिने या फटीची काळजी वाहिलीय, त्यांना ते ऐकू येतं ते असं: डॉक्टरांनी बघितलंच नाही. मग ते दुसरीकडे जातात, किंवा घरीच काहीतरी करतात.

म्हणून मी तन्वीलाच विचारलं, "फट बंद करायला तू स्वतः काही करून पाहिलंस?"

तिने आईकडे पाहिलं. मग दप्तरातून कंपास काढला, आणि कंपासातून एक छोटी पुडी. बारीक वेण्यांना लावतात ती रंगीत इवलीशी रबरं. मोबाईलवर कुणीतरी करताना पाहिलं होतं. रात्री झोपताना दोन दातांभोवती एक रबर अडकवायचं, सकाळी काढायचं. तीन रात्री केलं. चौथ्या दिवशी हिरडी दुखायला लागली म्हणून सोडलं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

हिरडी जराशी लाल होती, दात हलत नव्हते. थोडक्यात निभावलं होतं. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी हा धोका रुग्णाला सांगता येईल इतका नीट समजून घ्यायला हवा. मी त्यांना गाजर डोळ्यासमोर आणायला सांगते. गाजराच्या जाड बाजूला रबर चढवलं तर ते सरकत सरकत निमुळत्या टोकाकडे जातं. दाताचं मूळही तसंच निमुळतं. रबर हिरडीच्या आत शिरतं, बाहेरून दिसेनासं होतं, घरच्यांना वाटतं पडलं असेल, आणि आत ते दाताभोवतीचं हाड पोखरत वर चढत राहतं. असे निरोगी पुढचे दात गमवावे लागल्याची उदाहरणं आहेत. तन्वीला एवढं भीतीदायक सांगितलं नाही. गाजराची गोष्ट सांगितली आणि पुडी माझ्याकडे ठेवू का विचारलं. तिने त्यातली गुलाबी केसांसाठी काढून घेतली आणि बाकीची दिली.

मग फट का पडते ते दाखवलं. दोन पेन्सिली एका हातात उभ्या, टोकं खाली करून धरायच्या. दुसऱ्या हाताच्या बोटांनी वरच्या अंगाला बाजूंनी दाबलं की खालची टोकं फाकतात. "हा दाब कोण देतंय? वरचे सुळे. ते अजून हिरडीच्या आत आहेत, खाली यायची वाट बघतायत, आणि येता येता शेजारच्या दातांच्या मुळांना ढुशा देतायत." तन्वीचं बोट मी तिच्याच हिरडीवर नेलं, बाजूच्या दाताच्या वर. टणक उंचवटा लागला. दुसऱ्या बाजूला तिने स्वतः शोधला. "हा बाहेर येणारे?" तिने विचारलं. साधारण ११ ते १२ व्या वर्षी, मी म्हटलं, आणि तो खाली उतरला की दाब निघतो, दात सरळ होतात, एवढी फट बहुतेकदा मिटते.

आईची पर्स मांडीवरून खाली गेली होती.

आता दाढ. पण सुरुवात मी केलीच नाही, आजींनी केली. "आन् ती मागची किडल्याली? या मघाशी लई बोलल्या. दुधाचा दात हाय त्यो, पडंल की."

मला याच वाक्याची वाट होती. आमच्या ओपीडीत हे आठवड्यातून दहादा ऐकू येतं, आणि त्यात बेफिकिरी नसते, सरळ तर्क असतो. जो दात पडून येतो तो पक्का, जो काही न पडता आला तो दुधाचा. पण पहिली कायमची दाढ नेमकी या तर्काला चकवते. साधारण सहाव्या वर्षी ती सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते. तिच्या जागी आधी दातच नसतो. काही पडत नाही, कौलावर दात टाकायचा प्रसंग येत नाही, मग घरात कळणार कसं?

"आजी, बोटं मोजायला येता?" मी त्यांचा हात हातात घेतला. तर्जनीचं टोक मिश्रीने काळं पडलेलं. त्यावर त्या दिवशी एक अक्षर बोलले नाही. एका बैठकीत एकच विषय. "दुधाचे दात एका बाजूला, एका जबड्यात पाच. हाताला बोटं तेवढी. असे चार कोपरे, एकूण २०. मधल्या फटीपासून मागे मोजत जायचं. पाचाच्या मागे सहावा दिसला, तर तो दुधाचा नाही."

आजींनी नातीच्या तोंडात वाकून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "ह्यो सहावा की गं," त्या सुनेला म्हणाल्या, आवाज एकदम खाली.

आईचे डोळे भरले. इथे खूप जण धीर द्यायच्या नादात "काही हरकत नाही" म्हणतात. हरकत होतीच. मी एवढंच म्हटलं, "तुमच्या लक्षात यायला काही मार्गच नव्हता. आता आलंय, आणि दाढ अजून वाचण्यासारखी आहे." मग जी गोष्ट सांगायला ही सगळी वाट चालून आले ती सांगितली. उद्या तन्वीला खरंच तार लावायची वेळ आली, तर तारेचं शेवटचं टोक साधारणपणे याच दाढांवर बांधतात. "घराचा खांबच किडला तर तोरण कशाला बांधणार?" अमेरिकन दंततज्ज्ञ अँगल यांनी १८९९ साली दातांच्या वेडेवाकडेपणाची वर्गवारी केली ती याच पहिल्या दाढेवरून, हे इंटर्नला ठाऊक होतं. पण ते ज्ञान आईच्या काळजीला जोडता येतं हे तिला तेव्हा दिसलं. आई स्वतःच म्हणाली, "मग आधी दाढेचंच करा."

उपचाराचं थोडक्यात सांगते. पुढच्या दातांचा एक्स-रे काढला, मध्ये जादा दात लपलेला नव्हता. दाढेची मुळं टोकाशी पूर्ण मिटलेली नव्हती. ९ वर्षांच्या मुलीत हे अपेक्षितच, म्हणून आतली नस जिवंत ठेवणं महत्त्वाचं. रात्रीची ठणक नव्हती, सूज नव्हती. कडेची कीड नीट साफ केली, नस उघडी पडू नये म्हणून तिच्याजवळची थोडी मऊ कीड मुद्दाम ठेवली, औषध घालून वर घट्ट भरलं. बाकी तीन कोपऱ्यांतल्या सहाव्या दाढांच्या खाचा सीलंटने बुजवल्या. घरी फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा ब्रश, त्यातला रात्रीचा आईच्या देखरेखीखाली. शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत चार वेळा चहात बुडणारी खारी एका वेळेवर आणायची. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त महाग पडतं.

विद्यार्थ्यांनो, प्रत्येक फटीला 'थांबा' म्हणायचं नसतं हेही सांगून टाकते. फट २ मिलिमीटरहून बरीच मोठी असेल, ओठ उचलल्यावर दोन दातांमधली हिरडी पांढरी पडत असेल, बाजूचे दात आलेच नसतील, अंगठा चोखायची सवय सुटली नसेल किंवा वरचा दात खालच्याच्या आत बसत असेल, तर ऑर्थोचं मत तेव्हाच घ्या. दहाव्या वर्षापर्यंत सुळ्याचा उंचवटा बोटाला लागला नाही, तर एक्स-रे काढून तो कुठे अडकलाय ते बघा.

आणि थांबायला सांगितलंत तर थांबणाऱ्याला काहीतरी काम द्या. तन्वीला मी एक वही केली. दर सहा महिन्यांनी एक फोटो, शेजारी पट्टी धरून, आणि खाली तिने लिहायचं: उंचवटा कुठे लागतो.

सहा महिन्यांनी ती आली. फट तेवढीच होती. तिने पट्टी लावली, वहीत '२' लिहिलं, उंचवटा 'जरा खाली' लिहिला. शाळेत अजून खिडकी म्हणतात का विचारलं, तर "म्हणतात. मी सांगितलं, सुळा येणारे माझा," म्हणाली. फोटोत ओठ उघडे होते. ते तपासणीसाठी की हसली म्हणून, मी विचारलं नाही. दाढ शांत होती.

आजी यावेळी धाकट्या नातवाला घेऊन आल्या होत्या. पोरगं पावणेसहा वर्षांचं, केस पेपरही काढलेला नव्हता. त्याचं तोंड स्वतःच उघडून धरत त्या म्हणाल्या, "पाचच हाईत अजून. पर डाव्या अंगाला मागं काय तरी पांढरं दिसतंय बगा."