इंजिनिअरिंगनंतर कायदा शिकावा का? सोलापूरच्या एका कारखानदार पालकांना उत्तर

पत्र: माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मागांवर इलेक्ट्रॉनिक जेकार्ड, म्हणजे कापडात नक्षी विणणारी यंत्रे, बसवली. दिवाळीच्या तोंडावर एका जेकार्डचा कंट्रोलर बंद पडला आणि कंपनीचा माणूस पंधरा दिवस फिरकला नाही. शेवटी गावातल्या एका कारागिराने कंट्रोलरचे इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्त केले. पण कंपनीच्या पासवर्डशिवाय ते सुरू होईना, तेव्हा त्याने आपल्या पद्धतीने ते कुलूप उघडले. आता कंपनीने मला आणि त्याला कॉपीराइटच्या भंगाची नोटीस पाठवली आहे. तेव्हापासून मुलीने धरून ठेवले आहे की नोकरी नको, हाच कायदा शिकायचा. इंजिनिअरिंगची फी पाण्यात जाणार का? या कायद्यावर पोट भरते का? आणि ज्याने वस्तू बनवली त्याचा तिच्यावर हक्क असतो, हे आम्ही आजवर मानत आलो, ते चूक होते का?

सप्रेम नमस्कार.

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांतला शेवटचा मी आधी घेतो, कारण आपल्या कन्येने जो रस्ता धरायचा म्हटले आहे, त्याचे मर्म त्याच प्रश्नात आहे.

बनवणाऱ्याचा हक्क खोटा नाही, आणि हे सोलापूरकराला दुसऱ्याने सांगायला नको. भौगोलिक उपदर्शनाचा (जीआयचा), म्हणजे मालाला जोडलेले गावाचे नाव राखणारा, १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांची नोंदणी त्याखाली अगदी सुरुवातीच्या काळातच झाली. भलतीकडे विणलेल्या मालावर ‘सोलापुरी’ असा शिक्का मारून तो विकला जातो, तेव्हा आपल्याला जो संताप येतो तो न्याय्य आहे, आणि कायदा आपल्या बाजूने उभा आहे. परंतु त्या हक्काची मर्यादाही पाहावी. त्या नोंदणीच्या बळावर आपण दुसऱ्याला नाव वापरण्यापासून रोखू शकतो. विकत नेलेली चादर गिऱ्हाईकाने कुठे धुवावी, किंवा तिची किनार उसवली तर कोणत्या शिंप्याकडून शिवून घ्यावी, हे आपण ठरवू शकत नाही. तसे कोणी ठरवू लागला तर मंगळवार बाजारातले गिऱ्हाईकही त्याला दोन शब्द सुनावेल. बौद्धिक संपदेच्या, म्हणजे कॉपीराइट, पेटंट, ट्रेडमार्क अशा हक्कांच्या, कायद्यातही हे तत्त्व जुने आहे: वस्तू एकदा रीतसर विकली, पैसे घेतले, की त्या नगापुरता विकणाऱ्याचा अधिकार तिथे संपतो. माझ्या कार्यालयातील प्रिंटरने बाहेरून भरलेली शाई नाकारली तेव्हा मी याच प्रश्नाकडे प्रथम लक्षपूर्वक पाहिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात हेच सांगितले की, विकलेल्या शाईच्या कार्ट्रिजमध्ये दुसऱ्या कोणी पुन्हा शाई भरून ते विकले, तर पेटंटच्या आधारे त्याला अडवता येणार नाही.

मग अडचण कुठे आली? ती वस्तूच्या पोटात सॉफ्टवेअर बसले तेव्हा आली. जेकार्ड आपण विकत घेतले. परंतु कंट्रोलरमधला प्रोग्राम, कंपनीच्या म्हणण्यानुसार, आपल्याला केवळ वापरायला दिलेला आहे. यंत्र आपले आणि त्याचा प्राण कंपनीचा, अशी ही विभागणी आहे. २००९ मध्ये अमेझॉनने आपल्या किंडल यंत्रांवर विकलेली काही पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून दूरवरून पुसून टाकली आणि पैसे परत केले. पुस्तके मुळात विनापरवाना विकली गेली होती, हे कारण खरे होते, आणि पुढे कंपनीने माफीही मागितली. पण विकलेले पुस्तक दुकानदाराला गिऱ्हाईकाच्या घरातून उचलून नेता येते, हे त्या दिवशी जगाला प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

आपल्या नोटिशीचा विषय मात्र भारतीय कायद्याचा आहे आणि तो परदेशी बातम्यांवरून जितका भयंकर वाटतो तितका नाही. अमेरिकेत १९९८ पासून असे डिजिटल कुलूप उघडणे हाच सामान्यतः स्वतंत्र अपराध आहे आणि दुरुस्तीसाठी सूट हवी असेल तर ती दर तीन वर्षांनी मागावी लागते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ घालण्यात आले, त्यात शिक्षेची तरतूद आहे, परंतु ती कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यासाठी आहे. ज्या कामाला त्या कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही, त्या कामासाठी कुलूप उघडण्यास त्याच कलमाने मोकळीक ठेवली आहे. तिला एक अट जोडलेली आहे, आणि आपल्या कारागिराने ती ऐकून ठेवावी: दुसऱ्यासाठी असे काम करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे साधी नोंदवही. दुरुस्तीच्या टपरीवर बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, याचा विचार करून मला वाईट वाटते. त्याखेरीज कलम ५२ नुसार प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर मार्गाने आली आहे, त्याला सुरक्षिततेसाठी तिची नक्कल ठेवता येते, आणि एक प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढण्यापुरते आवश्यक ते करता येते. आता आपल्या कारागिराने केवळ बंद यंत्र सुरू केले, की कंपनीचा प्रोग्राम उतरवून तो दुसऱ्या कार्डांवर चढवून विकला, यावर सारे अवलंबून आहे. पहिले असेल तर आपली बाजू बळकट आहे. दुसरे असेल तर कंपनीची तक्रार रास्त आहे, आणि ते मान्य करण्यात संकोच नसावा.

याच प्रश्नाची दुसरी बाजू बाजारातील बळाची आहे. २०११ मध्ये एका व्यक्तीने तीन मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातील वर्चस्वाच्या दुरुपयोगावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे, माहिती दिली की, सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे त्या केवळ आपल्या अधिकृत केंद्रांना देतात, त्यामुळे बाहेरच्या मेकॅनिकला काम करता येत नाही आणि गाडीमालकाला पर्याय उरत नाही. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हे भाग आमची बौद्धिक संपदा आहेत, तेव्हा ते कोणाला विकायचे हे आम्ही ठरवू, असा बचाव कंपन्यांनी केला होता. आयोगाने तो मानला नाही. हक्क राखण्यासाठी जितकी वाजवी अट आवश्यक आहे तितकीच कायद्याला मान्य आहे, आणि बाजारातील वर्चस्वाच्या दुरुपयोगाला तर हे कारण मुळीच पुरत नाही. पुढे अपिले झाली, काहींचा दंड कमीही झाला. परंतु आपल्या कन्येने प्रथम एखादा निर्णय मुळातून वाचायचा असेल तर तो हाच वाचावा. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मधला गुगलच्या अँड्रॉइडविषयीचा, १,३३७ कोटी रुपयांच्या दंडाचा आदेश घ्यावा.

ग्राहक कायद्याविषयी मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि तो जुन्या कायद्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला आहे: तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे परराज्यातील कंपनीलाही सोलापुरात उत्तर द्यावे लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, आणि एकतर्फी, जाचक करारांना ‘अनुचित करार’ म्हणून आव्हान देण्याची सोयही प्रथमच झाली आहे. पण ‘ग्राहक’ कोणाला म्हणावे, इथेच आपली गाडी अडू शकते. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे. केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी घेतली असेल तर तो ग्राहक ठरतो. स्वतः माग चालवणारा विणकर आणि पगारी कामगार ठेवणारा कारखानदार यांच्यामध्ये ही रेषा कुठे पडते, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सांगितले, आणि तो वादही एका कारखान्याने घेतलेल्या यंत्रावरूनच उभा राहिला होता. आपल्याकडे किती माग आहेत आणि किती कामगार आहेत, हे आपण कळवलेले नाही. आपण ग्राहक ठरला नाहीत तर दिवाणी न्यायालय किंवा स्पर्धा आयोग हेच मार्ग उरतात, आणि ते लांबचे आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, त्यावर कंपन्या सुटे भाग आणि सेवेची माहिती देतात. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. छोटा कारखानदार, शेतकरी, टपरीवरचा कारागीर हे ग्राहक कायदा आणि स्पर्धा कायदा यांच्या मधल्या फटीत सापडलेले आहेत. तिथे काम करणारे वकील मला फार थोडे दिसतात, आणि म्हणूनच आपल्या कन्येचा हट्ट मला बालिश वाटत नाही.

आता फीविषयी. ती पाण्यात जाणार नाही, उलट हीच पदवी तिला इथे दार उघडून देणार आहे. पेटंट एजंट, म्हणजे इतरांचे पेटंटचे अर्ज तयार करून पेटंट कार्यालयापुढे मांडणारा, होण्यासाठी भारतीय नागरिकत्व आणि एकवीस वर्षे पूर्ण असणे याखेरीज विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. केवळ बी.ए. किंवा बी.कॉम. करून वकील झालेल्याला ही परीक्षा देता येत नाही. आणि अभियंत्याला ती देण्यासाठी कायद्याच्या पदवीची गरज नसते. पेटंट कार्यालयातील परीक्षकांच्या सरकारी जागाही तंत्रशिक्षण घेतलेल्यांसाठीच असतात. नुसता संगणक प्रोग्राम आपल्या देशात पेटंटला पात्र नाही, असे पेटंट कायद्याचे कलम ३(के) सांगते, आणि ‘नुसता’ या शब्दाचा अर्थ काय, यावर सतत वाद चालू असतात. त्यांत कोड वाचता येणारा वकील आणि न येणारा वकील यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की तिने तिसऱ्या वर्षातून बाहेर पडू नये. पदवी पूर्ण करावी, तीही चांगल्या गुणांनी.

त्यानंतर राज्याच्या सीईटीतून तीन वर्षांचा एलएल.बी. करता येतो. तो सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालयातही करता येईल, पुण्या-मुंबईतही करता येईल. अभियंत्यांसाठी मला अधिक योग्य वाटते ती आयआयटी खरगपूरची बौद्धिक संपदा कायद्याची शाळा, जिथे तंत्रशिक्षण घेतलेल्यांनाच समोर ठेवून एलएल.बी. आखलेला आहे. तिथली प्रवेशपरीक्षा कठीण आहे आणि घरापासून अंतर फार आहे. दोन्हींचा विचार आपण एकत्र बसून करावा.

पोट भरते का, याचे उत्तर कोणती बाजू घेतो त्यावर आहे, आणि ते तिने आत्ताच ऐकलेले बरे. या क्षेत्रातील नियमित पगाराची कामे बहुतेक हक्कधारकांच्या बाजूची आहेत: पेटंटचे मसुदे लिहिणे, ट्रेडमार्क राखणे, आणि आपल्याला आली तशा नोटिसा तयार करणे. ग्राहकाच्या आणि छोट्या कारागिराच्या बाजूने उभे राहणाऱ्याची सुरुवातीची वर्षे ओढाताणीची जातात, कारण त्याचे अशीलच ओढाताणीत असते. माझ्या मते तिने पहिली तीन-चार वर्षे कंपन्यांच्या बाजूने काम करण्यात कमीपणा मानू नये. कुलूप कसे बनते हे आतून पाहिलेला माणूसच ते कुठे बेकायदा आहे हे न्यायालयाला दाखवू शकतो. मात्र पुढे परत यायचे असेल तर घरखर्च आणि कर्जाचे हप्ते त्या बेताने ठेवावे लागतील, आणि त्यात आपली साथ लागेल.

तिचा आजचा राग खरा आहे, पण मोटारींच्या त्या प्रकरणात पहिल्या अर्जापासून आदेशापर्यंतच तीन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि या कामातील बहुतेक दिवस अवघड वाक्ये पुन्हा पुन्हा वाचण्यात जातात. ते तिला मानवते का, हे पाहण्याची सोय आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य करता येतो. तो तिने या सुट्टीत पूर्ण करावा. दुसरे, जेकार्डच्या खरेदीचे बिल, सॉफ्टवेअरच्या अटींचा कागद आणि आलेली नोटीस तिच्या हाती द्यावी, आणि कंपनीचा दावा काय, तो कोणत्या कलमावर उभा आहे, कारागिराने नेमके काय केले, हे तिला दोन पानांत मराठीत लिहायला सांगावे. कंपनीच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा कोणता, हेही त्यात असावे. ते लिहिताना तिला कंटाळा आला तर तिने सॉफ्टवेअरच्या नोकरीकडे वळावे. झोप उडाली तर आपण तिला अडवू नये.

ती पाने घेऊन आपण दोघांनी आणि त्या कारागिरानेही एखाद्या अनुभवी वकिलांकडे जावे. नोटिशीला उत्तर न देता गप्प बसणे हिताचे नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा निघाला तर तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नोटिशीच्या उत्तराची मुदत त्याहून फार थोडी असेल आणि ती नोटिशीतच लिहिलेली असेल. ती आज पाहावी; कन्येच्या सीईटीला अजून दीड वर्ष आहे.