बहिणीच्या उपचाराची गोष्ट गावभर झाली: कायदा कुणाला धरतो आणि कुणाला नाही

ताई, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या तक्रारी आहेत. बहीण बेळगावात नैराश्यावर उपचार घेते, हे दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलानं खानापूरकडे तुमच्या गावात सांगितलं. चुलतीनं ते भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि ठरत आलेली सोयरीक मोडली. आता डॉक्टर तुम्हालाही फाइल दाखवत नाहीत. मी बेळगावातच दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी सांगितलेला 'हिपा' हा रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा तिकडचा १९९६चा कायदा. आपल्या दवाखान्यांना तो लागत नाही, त्यामुळे तो विषय सोडून द्या. आपल्याकडे सगळ्या आजारांना पुरेल असा एकच कायदा नाही. जे आहेत ते वेगवेगळे, आणि प्रत्येक जण ठरावीक माणसांनाच बांधतो. कामाच्या नात्यानं ज्याच्या हातात माहिती आली तो बांधलेला. ज्याच्या नुसती कानावर आली तो बहुतेक वेळा मोकळा. गावातलं नुकसान मात्र या दुसऱ्या माणसाकडूनच जास्त होतं, आणि याची मला मनापासून चीड येते.

तुमच्या बाबतीत पहिली बाजू भक्कम आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३: मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काउंटरवरचा मुलगा 'आरोग्य व्यावसायिक' नाही, असं दवाखाना म्हणेल. म्हणू द्या. तो दवाखान्याचा नोकर आहे, आणि कामावर असताना हाती आलेली माहिती त्यानं फोडली.

म्हणून मी ग्राहक आयोगाचा रस्ता धरायला सांगेन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच लिहिलंय की ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला सांगणं ही अशी प्रथा आहे. ही ओळ बऱ्याच वकिलांच्याही नजरेतून सुटते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आपल्या सीमाभागाला याचा मोठा उपयोग: उद्या उपचार मिरजेत किंवा कोल्हापुरात झाले, तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात चालते. फक्त पैसे भरून उपचार घेतलेले असावेत. सगळ्यांनाच फुकट सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्याला हा कायदा लागत नाही. पावत्या, अपॉइंटमेंटचे मेसेज, ग्रुपवरच्या मजकुराचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा.

डॉक्टरांनी स्वतः सांगितलं असतं तर तक्रार त्यांची नोंदणी असलेल्या राज्याच्या वैद्यक परिषदेकडे गेली असती. इकडचे असतील तर कर्नाटक, कोल्हापूरचे असतील तर महाराष्ट्र. २००२च्या आचारनियमांत रुग्णाचं गुपित उघड करायला मोजकीच कारणं आहेत: न्यायालयाचा आदेश, ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवावेच लागणारे आजार. क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे जाते, तो गुप्ततेचा भंग नव्हे. विम्याच्या क्लेमसाठी कागद जातात तेही आपण सही केलेली असते म्हणूनच.

'लग्न ठरतंय म्हणून सांगितलं' ही सबब तुम्हाला ऐकवली जाईलच. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात लग्न ठरलेल्या माणसाचा एचआयव्ही उघड करणाऱ्या रुग्णालयाला दोषी धरलं नव्हतं, आणि लोक तो निकाल कुठल्याही आजाराला चिकटवतात. तिथे होणाऱ्या बायकोला लागण होण्याचा धोका होता. नैराश्याची लागण होत नाही. शिवाय एचआयव्हीसाठीही आता २०१७चा वेगळा कायदा आहे, आणि जोडीदाराला सांगण्याच्या अटी त्यात घालून दिल्या आहेत.

आता चुलती. वरच्यापैकी एकही कायदा त्यांना धरत नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदासुद्धा व्यक्तीनं घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर बाहेर ठेवतो. उरते मानहानी. फौजदारीत 'जे लिहिलं ते खरंच आहे' एवढं म्हणून सुटका होत नाही, त्यात लोकहितही दाखवावं लागतं. पण ग्रुपवर नेमके कुठले शब्द होते यावर सगळं अवलंबून आहे, ते वकिलाला दाखवा. माझं मत विचाराल तर भावकीत फौजदारी घालून बहिणीचं नाव वर्षानुवर्षं तारखांना घेतलं जाईल. दवाखान्याला सोडू नका, चुलतीशी घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलू द्या.

त्याच २०२३च्या कायद्यातली एक तरतूद आपल्या कामाची आहे. माहितीसाठी संमती घेताना त्याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागणार, म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हा भाग त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतो. आपली माणसं आज कन्नड किंवा इंग्रजी फॉर्मवर न वाचता सही करतात. तोवर काउंटरवर थांबून 'मराठीत समजावून सांगा, मग सही करतो' म्हणायला अजिबात संकोचू नका.

राहिली फाइल. इथे डॉक्टर बरोबर आहेत, ताई. बहीण सज्ञान आहे. ज्या कलम २३ च्या आधारावर तुम्ही त्या मुलाविरुद्ध उभ्या राहणार, त्याच कलमामुळे डॉक्टरांना तुम्हाला आणि तुमच्या वडिलांनाही तिची माहिती देता येत नाही. बहिणीनं कायद्याप्रमाणे तुम्हाला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमलं तर गोष्ट वेगळी. तिला स्वतःला मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे नोंदी मागता येतात. २००२च्या नियमांत अर्ज केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे आहेत. अर्जावर तिची सही हवी, आयोगातल्या तक्रारीवरही तिचीच. तेव्हा कागद गोळा करण्याआधी तिला एकटीला बसवून विचारा की तिला हे पुढे न्यायचंय का. ती नको म्हणाली तर तिथेच थांबा.