उड्डाण घेतलं, केलं की भरलं?

एका वाचकानं विचारलंय: "'विमानानं उड्डाण घेतलं' यातलं 'घेतलं' म्हणजे 'टेक ऑफ'मधल्या 'टेक'चं भाषांतर, म्हणून ते चूक, 'उड्डाण केलं' म्हणावं, असं आमचे सर सांगायचे. हल्ली बातम्यांत 'उड्डाण भरलं' दिसतं. बरोबर काय? आणि उड्डाण म्हणजे विमान जमीन सोडतं तो क्षण, की उतरेपर्यंतचा सगळा प्रवास?"

मला शब्दांचा नाद आहे आणि विमानांचा त्याहून जास्त, तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

सरांचा संशय चांगल्या हेतूचा असला तरी इथं तो फसलाय. झेप घेतली, धाव घेतली, उसळी घेतली, भरारी घेतली, गिरकी घेतली, विहिरीत उडी घेतली. एकदम अंग झोकून करायच्या हालचालींना मराठी 'घेणे' जोडते आणि हे विमानांच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. उड्डाण त्याच पंगतीतलं आहे, कारण मराठीत उड्डाण म्हणजे मुळात उडीच. मोठी उडी. समर्थांच्या भीमरूपीत मारुती 'कोटिच्या कोटि उड्डाणें झेपावे उत्तरेकडे'. हे आपण इतक्या लहानपणी पाठ केलेलं असतं की शब्दांकडे लक्षच जात नाही. पाहा, उड्डाणं अनेकवचनात आहेत. एका सलग प्रवासाचं हे वर्णन नाही, झेपेमागून झेप चालली आहे. आणि क्रियापदही 'झेपावे'. झेप घ्यायची असेल, तर उड्डाणही घ्यायचंच. सतराव्या शतकातल्या समर्थांना 'टेक ऑफ'चा वारा लागला असेल, असं तर सरही म्हणणार नाहीत.

'उड्डाण केलं' यालाही माझी हरकत नाही. प्रयाण केलं, गमन केलं, तसं ते. जरा सोवळं वाटतं इतकंच.

'भरलं' मात्र सरळ हिंदीतलं आहे. तिकडे 'उड़ान भरना' हा रुळलेला प्रयोग आहे आणि त्या भाषेत तो शोभतोही. मराठीत आपण पाणी भरतो, खड्डा भरतो, एखाद्याला दम भरतो. उड्डाण भरत नाही. याच वाटेनं 'उड्डान' असं न-वालं रूपही घुसू लागलंय. मराठी शब्दात ड्ड जोडाक्षर आहे आणि शेवटी ण. 'उडाण' नाही, 'उड्डान'ही नाही.

थोडं कुळाबद्दल. संस्कृतात 'डी' म्हणजे उडणे. त्याला 'उद्' लागला की उड्डयन, उड्डीन. महाभारताच्या कर्णपर्वात शल्य कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगतो. त्यातला कावळा बढाई मारतो की मला उडायचे एकशे एक प्रकार येतात, आणि नावंच मोजू लागतो: उड्डीन, अवडीन, प्रडीन, डीन, निडीन, संडीन... नुसते उपसर्ग बदलत जातात. उड्डीन म्हणजे वर, अवडीन म्हणजे खाली. टेक ऑफ आणि डिसेंटला यापेक्षा नेटके शब्द कुठे मिळणार! (एकच उड्डाण येणारा हंस शेवटी दमलेल्या कावळ्याला समुद्रातून पाठीवर घालून आणतो, पण तो आपला विषय नाही.)

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. क्षण की प्रवास?

गंमत म्हणजे विमानाच्या जन्माच्या वेळीच उडी आणि उड्डाण यांतला फरक वादाचा झाला होता. क्लेमाँ आदेर या फ्रेंच माणसाचं वाफेवर चालणारं यंत्र ९ ऑक्टोबर १८९० रोजी जमिनीपासून जेमतेम वीतभर उचललं आणि सुमारे ५० मीटर गेलं. त्याला उड्डाण म्हणायचं का? बहुतेक इतिहासकार म्हणतात, नाही, ती उडीच. हवेत टिकून राहणं आणि यंत्र ताब्यात असणं, या दोन्ही गोष्टी तिथं नव्हत्या. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाणसुद्धा १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं, म्हणजे जम्बो जेटच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराहूनही कमी. पण यंत्र ताब्यात होतं, आणि त्याच दिवशीच्या चौथ्या खेपेला ते ५९ सेकंद हवेत राहिलं, ८५२ फूट गेलं. उडीचं उड्डाण झालं ते असं. आपल्या शब्दाचा अर्थही याच दिशेनं ताणला गेलाय, म्हणून 'वैमानिकाचे उड्डाणाचे तास' यात मला काही खटकत नाही.

खटकतं ते 'उड्डाण रद्द'.

एकदा मी पंखाच्या मागच्या खिडकीशी बसलो होतो. विमान धावपट्टीवर धावायला लागलं, आवाज चढला, पंखाचं टोक हळूहळू वर उचलू लागलं. मी वाट पाहत होतो चाकांची खडखड थांबण्याची, कारण खरं उड्डाण ते. नाक वर होणं म्हणजे उड्डाण नव्हे. नाक उचललं तरी मागची चाकं दोन-तीन सेकंद जमिनीवरच असतात. तर ती खडखड थांबायच्या आतच पंखावरचे पत्रे ताडकन उभे राहिले, ब्रेक लागले आणि सगळे पट्ट्यांत पुढे ओढले गेलो. विमान थांबलं. मी घरी कळवलं, "उड्डाण रद्द झालं, आम्ही ठीक आहोत." घरून उत्तर आलं, "मग घरी ये, जेवायला थांबतो." त्यांची चूक नव्हती. चार तास आधी मोबाइलवर येतो तो निरोपही 'उड्डाण रद्द' असाच असतो.

दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. मी आता असं लिहितो: कंपनी फेरी रद्द करते, वैमानिक उड्डाण सोडतो. 'सोडणे'त ऐनवेळी घेतलेला निर्णय येतो आणि तो कोणी घेतला तेही कळतं. धावताना 'व्ही-वन' नावाचा एक ठरलेला वेग येतो. त्यानंतर उड्डाण सोडता येत नाही, कारण उरलेल्या पट्टीत विमान थांबेलच याची खात्री नसते. म्हणून 'व्ही-वन' ऐकलं की कप्तान इंजिनांच्या दांड्यांवरचा हात काढून घेतो. धरलेलं सोडायची मुभा तिथं संपते.

'फेरी' बसला शोभते, विमानाला हलकी वाटते, असं काहीजण म्हणतात. मला नाही वाटत. ठरलेल्या वेळी ठरलेल्या दोन गावांमध्ये जे येतं-जातं त्याची फेरीच होते, मग ते हवेतून का जाईना. बोलताना तर सगळे 'फ्लाइट' म्हणतात आणि तिला आपण स्त्रीलिंगी करून घेतलंय: माझी फ्लाइट, फ्लाइट चुकली. त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत.

'सुटणे' मात्र जपायला हवं. तिकिटावर ६:१० लिहिलेलं असतं ती उड्डाणाची वेळ नव्हेच. त्या वेळी विमान आपल्या जागेवरून हलतं, म्हणजे सुटतं. चाकं जमीन सोडतात ती नंतर, रांग असेल तर बरीच नंतर. त्यामुळे '६:१० चं विमान वेळेवर सुटलं, पण उड्डाण साडेसहाला घेतलं' हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीचा गोंधळ याबाबतीत आपल्याहून मोठा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येनुसार 'फ्लाइट टाइम' सुरू होतो तो विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा जागचं हलतं तेव्हा, आणि संपतो ते शेवटी थांबतं तेव्हा. मधे तासभर जमिनीवर रांगेत काढला तरी तोही 'फ्लाइट'मध्येच मोजायचा.

पलीकडच्या टोकालाही अशीच जोडी आहे: विमान आधी उतरतं आणि मग जागेला लागतं, गाडी फलाटाला लागते तसं. फक्त 'विमान लागलं' असं एकटं लिहू नका. शेजारचा प्रवासी कागदी पिशवी शोधत असेल, तर त्यालाही विमानच लागलेलं असतं.