भाऊबीज, भाचा आणि दाण्याची धास्ती

"मॅडम, यंदा भाऊबीजेला आम्हीच कुठेतरी फिरायला निघून जाऊ का?" दसऱ्यानंतर एक ताई येऊन बसल्या बसल्या म्हणाल्या, मला वाटलं भावाशी वाजलंय. तसं काही नव्हतं. सात वर्षांच्या भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, आणि मागच्या भाऊबीजेला यांच्याच घरी शंकरपाळे खाऊन पोराचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागायला लागला, रात्री हॉस्पिटल गाठावं लागलं. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.)

आता शंकरपाळ्यात दाणा कुठून आला? तर ज्या तेलात चिवड्याचे दाणे तळले त्यातच नंतर शंकरपाळे सोडले, तेल वाया कशाला घालवा. आपण सगळ्याच करतो की हे!

सणावाराला ही धास्ती घेऊन येणाऱ्या बायका दरवर्षी असतात, पाहुण्याला काही झालं तर, आणि वेगळं ताट मांडलं तर वाईट वाटेल का. ताईंचं मात्र दुखणं थोडं वेगळं होतं. वर्षभरात भावजयीशी त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. "तिने कधी दोष दिला नाही हो, म्हणून तर जास्त लागतं," असं म्हणाल्या आणि पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या.

मी म्हटलं फराळाचं नंतर बघू, आधी फोन. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं तर पहिल्या सहा ओळींत सॉरी चार वेळा! तीन खोडायला लावले आणि खाली प्रश्न लिहिले, तो काय खातो, काय नाही, नुसता हात लागला तरी त्रास होतो का, औषध कुठे असतं. दोन दिवसांनी फोन झाला. भावजय म्हणे रडलीच, "अहो ताई, कुणी विचारतच नाही, सगळीकडे मी आपली डबा घेऊन जाते."

मग दोघींनीच फोनवर स्वयंपाकघर पालथं घातलं. काजू-बदाम चालतात, डाळं-खोबरंही चालतं, त्यामुळे चिवडा त्याचाच. घरात घाण्याचं शेंगदाणा तेल होतं ते बंद, कारण घाण्याच्या तेलात दाण्यातलं प्रोटीन राहू शकतं, आणि ॲलर्जी प्रोटीनचीच असते. खरी गंमत मिक्सरची. भांडं घासूनपुसून लख्ख, पण झाकणाची रबरी रिंग सुईने उचकटली तर खाचेत कुटाचा पिवळट थर! ताईंनी फोटो पाठवला मला. कोशिंबिरीला, भाजीला, खिचडीला आपलं कूट लागतंच, किती वर्षांचा असेल तो थर कोण जाणे. शेवटी नवीन भांडंच आणलं.

पाकिटावर शेंगदाणा असेल तर लिहावं लागतं, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, पण मिठाईवाल्याकडच्या सुट्या मालाला कसलं आलंय लेबल, म्हणून सुटं काही आणायचं नाही. शेजारपाजारची फराळाची ताटं आली की थेट माळ्यावर.

औषधाचं मी सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण त्यांनी दिलेलं ॲड्रेनलीनचं इंजेक्शन कुठल्या पिशवीत आहे आणि कोण देणार हे ताईंना पाठ हवं, असा माझा हट्ट होता. श्वास लागला की ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, इंजेक्शन आणि 108.

राहता राहिल्या सासूबाई. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं, एकेक दाणा देऊन सवय लावा." हे मात्र घरी कुणी कधीच करून बघू नये, तसे उपचार असतात पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सासूबाईंना समजवायला ताईंनी मलाच फोनवर घेतलं, त्या काही पटल्यासारख्या वाटल्या नाहीत.

भाऊबीजेच्या रात्री मेसेज आला. पोराने चिवडा तीनदा मागून घेतला, आणि आत्याला विचारलं, "हा मी सगळा खाऊ शकतो?" आणि सासूबाईंनी म्हणे आपला दाण्याचा लाडू सकाळी पाहुणे यायच्या आत खोलीचं दार लावून खाल्ला, मग साबणाने हात धुतले, दोनदा, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाल्या.