नोटेशन वाचता येत नसेल तर हौशी ऑपेरा मंडळाच्या कोरसमध्ये जावं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं: त्या नुकत्याच इंग्लंडात डेव्हनला राहायला आल्या आहेत. गावातलं हौशी मंडळ येत्या उन्हाळ्यात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचा 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स' (पेन्झान्सचे चाचे) हा विनोदी ऑपेरा करणार आहे आणि कोरसला बायका हव्यात अशी चिठ्ठी लायब्ररीच्या फळ्यावर लागली आहे. त्यांचं गाणं मध्यमा परीक्षेपर्यंत झालंय, पण पाश्चात्य नोटेशन अजिबात येत नाही. जावं का? आणि ऑपेरा हौशी माणसांना झेपतो तरी का?

ताई, जरूर जा. मी शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये अशाच एका मंडळात अल्टोंच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांच्या, रांगेत गाते, 'पायरेट्स'सुद्धा केलंय, त्यामुळे जे माहीत आहे ते सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा झेपण्याबद्दल. व्हर्दी किंवा वॅग्नर यांचे भारी ऑपेरे करायला लागतो तसला आवाज इथे सगळ्यांना लागत नाही. गिल्बर्टने शब्द लिहायचे आणि सलिव्हनने चाली लावायच्या, अशी या जोडीची 14 नाटकं 1871 ते 1896 या काळात झाली. गाण्यांच्या मध्ये सरळ बोलणं असतं. संगीत नाटकं पाहत वाढलेल्या माणसाला हा घाट परका वाटत नाही. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'चे पहिले तीन अंक पुण्यात 1882च्या नोव्हेंबरात झाले आणि त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात यांचं 'आयोलँथी' लागलं. एकाला दुसऱ्याची खबरही नव्हती, पण गद्य चालू असताना पद सुरू व्हावं आणि लोकांनी वन्समोर द्यावा, हे दोन्हीकडे तसंच. इथे आजही 'पायरेट्स'मधल्या पोलीस सार्जंटच्या गाण्याला वन्समोर घेतात.

मोठा फरक आहे तो कोरसचा. आपल्याकडे नाटकाचा भार गायक नटावर. एकटा नारद किंवा एकटी रुक्मिणी प्रयोग खांद्यावर घेऊन जाते. इथे कोरस हेच एक पात्र असतं, आणि बऱ्याचदा विनोदही तोच घडवतो. 'पायरेट्स'च्या दुसऱ्या अंकात पोलीस चाच्यांना पकडायला निघतात तो प्रसंग घ्या. पोलीस घाबरलेले, तोंडाने तुतारीचा आवाज काढून स्वतःला धीर देणारे. मेजर जनरलची मुलगी मेबल आणि तिच्या बहिणी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगतात की जा, वीरांनो, मरा, तुमची कीर्ती अमर होईल. पोलिसांचा धीर आणखी खचतो. मग सलिव्हन दोन्ही गटांच्या दोन वेगळ्या चाली एकावर एक ठेवतो आणि त्या अचूक जुळतात. 'निघालो, निघालो' असं पोलीस गात राहतात आणि जागचे हलत नाहीत. शेवटी हा म्हातारा मेजर जनरल वैतागून म्हणतो, अहो पण तुम्ही जात नाही आहात! हा विनोद एकट्यादुकट्या गुणी नटाने होत नाही. दोन्ही गटांना आपापली चाल घट्ट धरून ठेवावी लागते आणि दोघांचेही शब्द ऐकू यावे लागतात. हे साधणं हौशी मंडळाला जमण्यासारखं आहे, कारण त्याला तालमी लागतात आणि हौशी मंडळाकडे तालमींना हिवाळा अख्खा असतो. व्यावसायिक कंपनीला एवढा वेळ परवडत नाही.

मेबल आणि तिचा प्रियकर फ्रेडरिक यांना मात्र तयार गळा लागतो. मेबलच्या पहिल्या गाण्यात ताना आहेत आणि त्या बऱ्याच वर जातात. बहुतेक मंडळं तिथे संगीत कॉलेजातली एखादी मुलगी शोधतात. ते योग्यच आहे, त्यात हौशीपणा बाटत नाही.

आता तुमच्या नोटेशनच्या काळजीबद्दल. कोरसमध्ये स्कोअर, म्हणजे नोटेशनची छापील वही, हातात घेऊन उभ्या राहणाऱ्यांतले कितीतरी जण तो नीट वाचू शकत नाहीत. टिंब वर गेलं की आवाज वर न्यायचा आणि खाली आलं की खाली, एवढं पहिल्या महिन्यात अंगवळणी पडतं. तालमीत पियानोवर तुमची ओळ वेगळी वाजवून घेतात, ती फोनवर रेकॉर्ड करा. नेटवर प्रत्येक आवाजाची ओळ सुटी करून दिलेल्या फायलीही मिळतात. कानाने पाठ करायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, ती इथे फार कामाला येते. व्होकल स्कोअर आणि पुस्तक बाजूला ठेवायची तारीख ठरलेली असते. त्या दिवशी पान बघत शिकलेल्यांपेक्षा कानाने शिकलेल्यांची तयारी पुढे असते, हे मी स्वतः पाहिलंय.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. आपण काळी चारला किंवा काळी पाचला सा लावतो आणि तिथून सगळं मोजतो. शेजारच्याने वेगळा स्वर धरला की आपल्या कानाला ते बेसूर वाटतं आणि आपण नकळत त्याच्या स्वरावर जातो. इथे तुमच्या डाव्या हाताची सोप्रानो, म्हणजे वरच्या सुरात गाणारी बाई, मूळ चाल गात असते आणि तुम्हाला तिच्याखाली चार-पाच स्वरांतच फिरणारी ओळ धरायची असते. पहिल्या अंकात कवितेची स्तुती करणारा एक छोटा तुकडा आहे, सगळा रंगमंच एकदम थांबतो आणि वाद्यांशिवाय चार आवाजांत गातो. कॉमेडीच्या ऐन मध्यात चर्चमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. मला सगळ्या नाटकात तो तुकडा सर्वांत प्रिय आहे आणि शिकायला सर्वांत जड तोच गेला. उपाय असा: दोन पक्क्या अल्टोंच्या मध्ये उभ्या राहा. घरी आधी स्वतःची ओळ स्वतंत्र चीज असल्यासारखी गा, तिला स्वतःची चाल माना. ती गळ्यात बसली की मगच रेकॉर्डिंगवर सोप्रानो लावून तिच्याबरोबर गाऊन बघा. आणि मींड सोडा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कण लावणं, हे आपल्या गळ्यात इतकं मुरलेलं असतं की ते होतंय हे कळतही नाही, आणि चार आवाजांच्या स्वरमेळात तेवढ्याने सगळं गढूळ होतं. स्वर सरळ ठेवायचा आणि ठरलेल्या मात्रेवर सोडायचा.

शब्दांवर हे लोक घेतात तेवढी मेहनत मी आपल्याकडे समूहगानात पाहिलेली नाही. आमचे एमडी, म्हणजे संगीत बसवणारे, पहिल्या काही तालमींत चालच गाऊ देत नाहीत. सगळ्यांनी ओळी नुसत्या बोलायच्या, तालात, आधी सावकाश, मग दुप्पट वेगाने, शेवटी कुजबुजत. कुजबुजताना शब्द कळला तर गाताना कळणारच. मेजर जनरलच्या मुली पहिल्यांदा रंगमंचावर येतात ते डोंगरावर चढण्याचं गाणं (जोडीच्या पहिल्या, 1871च्या 'थेस्पिस'मधून उचलून इथे बसवलेलं) मराठी तोंडासाठी उत्तम व्यायाम आहे. त्यात विलोची झाडं आहेत आणि त्यांना लागूनच थरथरणं आणि नदी, म्हणजे 'विलो', 'क्विव्हर', 'रिव्हर'. आपण तिन्ही एकाच 'व'ने म्हणतो. पहिल्याला ओठांचा चंबू करायचा, पुढच्या दोन्हींना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. आरशासमोर उभं राहून करा, आठवड्याभरात फरक पडतो. शब्दाच्या शेवटचं व्यंजनही सगळ्यांनी एकाच क्षणी म्हणायचं असतं. वीस माणसांचा 'ट' वीस वेळा आला तर ओळ फाटते.

श्वासाचं तंत्रही वेगळं आहे. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारीण घेईल तेव्हा तुम्ही गात राहायचं, म्हणजे समोरच्याला ओळ अखंड वाटते. आपल्याकडे तानपुऱ्यामागे बसून गुरूंना साथ दिली असेल तर हे तुम्ही केलेलं आहे.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते महत्त्वाचं आहे. उन्हाळा या नाटकांना पूर्वी फार जड जायचा. 1878च्या मे महिन्यात लंडनला 'एचएमएस पिनाफोर' लागलं आणि उन्हाळ्यातल्या कडक गरमीत गॅसच्या दिव्यांनी तापलेल्या थिएटरात लोक येईनासे झाले. नाटक बंद करायची भाषा सुरू झाली. मग ऑगस्टच्या अखेरीस सलिव्हनने कॉव्हेंट गार्डनच्या प्रॉमेनेड मैफलींत 'पिनाफोर'चं संगीत वाजवलं, लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि तिकीटबारी पुन्हा भरली. पुढे त्या नाटकाचे 571 प्रयोग झाले.

आता इकडे नैर्ऋत्य इंग्लंडात उन्हाळा म्हणजे उघड्यावरचे प्रयोग. तुमचा प्रयोग बागेत किंवा वाड्याच्या अंगणात असेल तर एक सुख तुमच्या वाट्याला येईल. 'पायरेट्स'चा पहिला अंक कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावर दिवसाउजेडी घडतो आणि दुसरा रात्री, चांदण्यात, पडक्या चॅपेलमध्ये. जूनच्या शेवटी इथे सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी सातला सुरू केलं की पहिला अंक खऱ्या उन्हात होतो, आणि चाचे 'आम्ही मांजराच्या पावलांनी येतोय' असं गात पाय आपटत येतात तेव्हा खरोखर सांजावू लागलेलं असतं. दिवे लावणाऱ्याने काहीच न करता अर्धं काम झालेलं असतं.

त्याची किंमतही आहे. उघड्यावर आवाज परत येत नाही. सभागृहात आपण गातो आणि भिंती साथ देतात, इथे आवाज गेला की गेला. वाऱ्याने पहिली जातात ती व्यंजनं. मला माइक लावलेले प्रयोग आवडत नाहीत, कारण सगळे आवाज एकाच पेटीतून येतात आणि कोण गातंय ते दिसत नाही. माझं मत असं की वारा असेल तर कोरसला दोन पावलं पुढे आणावं आणि बँडला हळू वाजवायला सांगावं. कपडे गरम असतात. पोलिसांचे जाड लोकरी कोट, आपले घेरदार झगे आणि आत परकर. घाम आला की चिकटवलेल्या मिशा सुटतात, म्हणून मिशीवाले मध्यंतरात सावलीत बसून ती पुन्हा लावतात. आत सुती कपडा घाला आणि बाहेर पडण्याच्या जागेपाशी स्वतःची पाण्याची बाटली ठेवा.

जमलं तर तालमी सुरू होण्याआधी पोर्थकर्नोचं मिनॅक थिएटर बघून या. पेन्झान्सपासून जवळच आहे. समुद्रावरच्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या आणि रंगमंचामागे सरळ अटलांटिक. ते उभं राहिलं हौशी नाटकामुळेच. 1929 मध्ये जवळच्या कुरणात गावकऱ्यांनी शेक्सपिअर केला, पुढच्या नाटकासाठी जागा हवी म्हणून रोवेना केड या बाईंनी आपल्या बागेखालचा कडा दिला आणि माळी बिली रॉलिंग्ज यांना बरोबर घेऊन तो फोडायला घेतला. 1932 मध्ये तिथे शेक्सपिअरचंच 'टेम्पेस्ट' झालं, मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात. केडबाई म्हातारपणापर्यंत तिथे स्वतः हाताने काम करत राहिल्या. खालच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल: मुंबईपर्यंत जाणारी समुद्राखालची तार 1870 मध्ये इथेच येऊन पोचली. तारेचं म्युझियम तिथेच आहे.

झेपण्याबद्दल एक राहिलं. 'पायरेट्स'चा इंग्लंडातला सर्वांत पहिला प्रयोग तुमच्याच डेव्हनमध्ये, पेंटनला झालाय, 30 डिसेंबर 1879 रोजी, न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी. अमेरिकेत 'पिनाफोर' परवानगीशिवाय जिकडेतिकडे होत होतं, म्हणून या वेळी मोठा पहिला प्रयोग तिकडेच ठेवला, आणि इंग्लंडातले हक्क पक्के करायला त्याआधी इथे एक प्रयोग करणं भाग होतं. जवळच्या टॉर्कीला 'पिनाफोर' करणारी फिरती मंडळी बोलावली. तालीम जवळजवळ नव्हतीच. नट संहिता हातात धरून उभे होते, अंगावर 'पिनाफोर'चेच कपडे आणि चाचे दिसावेत म्हणून डोक्याला रुमाल. ते लोक व्यावसायिक होते आणि पुस्तक हातात घेऊन गायले. तुम्हाला तर सहा महिने मिळणार आहेत.

खर्चाचं सांगायचं तर सभासद वर्गणी असते, स्कोअर विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो, कधी कपड्यांच्या भाड्यात वाटा मागतात. गिल्बर्टच्या शब्दांचे हक्क 1961च्या अखेरीस संपले, त्यामुळे मंडळाला रॉयल्टी द्यावी लागत नाही आणि म्हणूनच लहान गावांना ही नाटकं परवडतात. तालमी आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी, शेवटच्या आठवड्यात मात्र रोज. त्या आठवड्याची रजा आत्ताच टाकून ठेवा. ज्या दिवशी पहिल्यांदा बँडबरोबर बसून गातात तो दिवस चुकवू नका. महिनोन्‌महिने पियानोवर ऐकलेल्या ओळीखाली अचानक क्लॅरिनेट आणि सेलो येतात आणि आपली ओळ तिथे का आहे ते त्या दिवशी समजतं.

वय, रंग, दिसणं याचा विचार करून थांबू नका. मेजर जनरलच्या मुलींचा ताफाच्या ताफा आहे आणि आमच्याकडे त्यांतल्या काही सत्तरीच्या होत्या. प्रेक्षकांतल्या कुणालाही ते खटकलं नाही.

कोरसच्या ऑडिशनला बहुतेक ठिकाणी स्केल गाऊन घेतात आणि एखादं गाणं म्हणायला सांगतात. तुम्ही सरळ एखादं नाट्यपद म्हणा, शब्द स्पष्ट आणि लय चढती असलेलं, आणि आधीच सांगा की मी कानाने शिकते. कोणत्या आवाजात बसवायचं ते एमडी ठरवतील. स्केल गाताना खालचा मंद्र पंचम सहज लागत असेल तर अल्टो मागून घ्या, तिकडे बायका नेहमी कमी असतात.