अडीनडीचा फोन: दर २८ दिवसांनी १९९ रुपये भरत राहायचे का?

प्रश्न: मी निवृत्त आहे. माझा आणि पत्नीचा असे दोन स्मार्टफोन, दोन्हींत एअरटेलचं सिम. शिवाय कपाटात बटणांचा एक जुना टू-जी फोन आहे, त्यातही एअरटेलचंच प्रीपेड सिम. अडीनडीला असावा म्हणून त्यावर दर २८ दिवसांनी १९९ रुपयांचा रिचार्ज करतो, पण वर्षभरात चार-पाच कॉलही होत नाहीत. एका जुन्या बचत खात्याला हाच नंबर जोडलेला आहे. नुसते २० रुपये शिल्लक ठेवले तरी सिम चालू राहतं असं ऐकलं. तसं करावं, की नंबर बंदच करून टाकावा?

उत्तर: नंबर ठेवा, पण आत्ता ठेवलाय तसा नको. भरताय त्या पैशांतून अडचणीच्या वेळी मिळणारा आधार फार थोडा आहे, आणि २० रुपयांचा मार्ग धरलात तर तोही जाईल.

आधी त्या २० रुपयांचं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचा हा नियम २०१३ पासून आहे आणि तो खराच आहे, फक्त त्याचा अर्थ चुकीचा पसरलाय. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. त्या वेळी मुख्य शिल्लक किमान २० रुपये असेल, तर २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस राखायचा, आणि बंद झालाच तर परत मिळवायला १५ दिवसांची सवलत द्यायची, असं त्यात आहे. म्हणजे नियम नंबर वाचवतो, सेवा नाही. पॅकची मुदत संपली की आधी आउटगोइंग थांबतं, मग काही दिवसांत इनकमिंगही. नंबर कागदोपत्री तुमच्या नावावर असेल, पण रात्री दोनला मुलीला फोन लावायला गेलात तर लागणार नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. १९९ किंवा तत्सम पॅक मारल्यावर मुख्य शिल्लक शून्यच राहते. टॉकटाइम वेगळा भरावा लागतो. १० रुपयांच्या टॉप-अपवर साधारण ७ रुपये ४७ पैसे हाती येतात, २० च्या टॉप-अपवर १४ रुपये ९५ पैसे. बाकीचे कर आणि शुल्कात जातात. तेव्हा २० रुपये शिल्लक हवी तर ३० रुपये भरावे लागतात. अनेकांचा नंबर इथेच जातो: ‘वीस भरले होते’ म्हणतात, पण शिल्लक पंधराच्याही खाली असते.

आता तुमचा खर्च. वर्षाला २८ दिवसांचे १३ रिचार्ज, म्हणजे २,५८७ रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा व्हाउचरच्या मुदतीची मर्यादा ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १,८४९ रुपये असे पॅक आणले. दिवसाचा भाव काढला तर तुमचा सध्याचा पॅक ७ रुपये ११ पैशांना पडतो, ८४ दिवसांचा ५ रुपये ५८ पैशांना आणि वर्षाचा ५ रुपये ७ पैशांना. वर्षाच्या पॅकने ७३८ रुपये वाचतात. डेटा मिळत नाही, पण बटणांच्या टू-जी फोनला तो हवाय कशाला? दर बदलत असतात, म्हणून भरण्याआधी अ‍ॅपमध्ये त्या दिवशीचा भाव बघा आणि मुदतीने भागून दिवसाचा आकडा काढा. डेटाच्या पॅकांच्या गर्दीत हा पॅक शोधावा लागतो.

पण वर्षाचा पॅक आज लगेच मारू नका. तुमची खरी अडचण पैशांची नाही, तिन्ही सिम एकाच कंपनीची आहेत ही आहे. परिसरातला एअरटेलचा टॉवर बंद पडला की तिन्ही फोन एकदम मुके होतात, मग तिसऱ्यावर वर्षाला दोन हजार घालवा की पाच हजार, फरक शून्य. म्हणून हा नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्या. एक पथ्य पाळा: जिओचं टू-जी जाळंच नाही, तेव्हा तुमच्या या फोनमध्ये ते सिम चालणार नाही. व्हीआय (व्होडाफोन आयडिया) किंवा बीएसएनएल बघा. बीएसएनएलचे लांब मुदतीचे पॅक बहुधा स्वस्तही असतात. मात्र स्वस्ताईवर निर्णय नको. शेजाऱ्याचं किंवा नातेवाइकाचं त्या कंपनीचं सिम अर्धा तास याच फोनमध्ये घाला आणि झोपायच्या खोलीतून, न्हाणीघराजवळून, जिन्यातून प्रत्यक्ष कॉल लावून बघा. रेंजच्या दांड्यांवर जाऊ नका, कॉल लागतो का आणि आवाज तुटतो का ते महत्त्वाचं.

पोर्ट करायला, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायला, या सिमवरून १९०० वर एसएमएस पाठवा: PORT हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर. उत्तरात कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह जायचं. कोड चारच दिवस चालतो. चालू पॅकचे उरलेले दिवस पोर्ट झाल्यावर वाया जातात, म्हणून पॅकचा शेवटचा आठवडा गाठा. नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर आधी सात दिवस थांबावं लागतं. पोर्ट झाल्यावर वर्षाचा पॅक मारा.

‘अडचणीत ११२ लागतोच ना?’ असंही तुमच्या मनात येईल. आउटगोइंग बंद झालेल्या सिमवरूनही ११२ लागावा अशी तरतूद आहे. तेव्हा पोलीस किंवा रुग्णवाहिकेसाठी तुम्ही पैसे भरत नाही आहात. मुलीला, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना फोन लावता यावा आणि त्यांचा परत येणारा फोन घेता यावा, यासाठी भरताय. माझ्या मते दोन वयस्क माणसांच्या घरात दिवसाला पाच रुपये ही त्याची रास्त किंमत आहे. उद्या तुमच्या किंवा पत्नीच्या मुख्य फोनमधलं सिम वेगळ्या कंपनीचं झालं, तर मात्र हा तिसरा नंबर खुशाल बंद करा.

नंबर ठेवा किंवा सोडा, बचत खातं त्यावरून आजच हलवा. कपाटातल्या फोनवर बँकेचा ओटीपी येणं गैरसोयीचं आहेच, धोक्याचंही आहे. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. १ एप्रिल २०२५ पासून बँकांना आणि यूपीआय अ‍ॅपना अशा रद्द नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून नोंदी काढाव्या लागतात. म्हणजे नंबर गेला की त्याला जोडलेलं यूपीआयही थांबतं. शाखेत किंवा एटीएमवर मुख्य नंबर नोंदवा, मग आधार, गॅस, विमा, पेन्शन यांत कुठे हा नंबर आहे ते तपासा.

फोनची निगा तितकीच महत्त्वाची, कारण ऐन वेळी दगा देते ती बॅटरी. फोन बंद करून ठेवणार असाल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवा. पूर्ण उतरलेली महिनोन्महिने पडली तर ती चार्जच घेत नाही. महिन्यातून एकदा चार्ज करा आणि त्याच वेळी एक मिनिटाचा कॉल करा, म्हणजे ९० दिवसांच्या अटीचा प्रश्नही उरत नाही. नुसत्या येणाऱ्या एसएमएसवर विसंबू नका. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी लगेच बदला. सिमला पिन लावली असेल तर काढून टाका. घाबरलेल्या माणसाने तीनदा चुकीची पिन दाबली की सिम अडकतं.

रिचार्ज संपत आल्याचा एसएमएस त्याच बंद फोनवर येतो, तुम्हाला तो दिसतच नाही. म्हणून मुदतीच्या १५ दिवस आधीची आठवण तुमच्या आणि पत्नीच्या, दोघांच्याही मुख्य फोनमध्ये लावा. फोनच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा: त्याचा स्वतःचा नंबर, पॅक संपण्याची तारीख आणि तीन माणसांचे नंबर.