प्रोफेसर म्हणतात ‘आल्यावर आरएचं बघू’. एवढ्या भरवशावर अमेरिकेला एमएसला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलच्या एमएसचा ॲडमिट हातात आहे. तिथल्या एका प्रोफेसरांनी ‘प्रोफाइल आवडलं, तुम्ही आलात की रिसर्च असिस्टंटशिपचं बघू’ असं ईमेलवर कळवलंय. (हीच ती आरए: प्रोफेसरांच्या संशोधनात काम करायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे.) वडील नाशिकचं घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. तर होकार कळवावा का, आणि उत्तरासाठी 15 एप्रिलची मुदत म्हणतात ती तुम्हाला लागू आहे का?

आरए मिळणारच नाही असं धरून दोन वर्षांचा हिशेब मांडा. तो झेपत असेल तर खुशाल कळवा. ‘आरए मिळाली तर झेपेल’ असं उत्तर येत असेल तर आज कळवू नका, आधी त्या प्रोफेसरांकडून बोलणं कागदावर आणा.

हात पोळलेत म्हणून सांगतोय. 2012 साली सांगलीहून निघालो तेव्हा माझ्याकडेही असाच ईमेल होता. ‘ऑगस्टपर्यंत तुमच्यासाठी निधीची सोय होईल अशी आशा आहे.’ घरी वाचून दाखवताना मी शेवटचे तीन शब्द गाळले. वडिलांनी मिरजेजवळचा प्लॉट बँकेकडे तारण ठेवला. ऑगस्टमध्ये सरांना भेटलो. माणूस भला, कॉफी पाजली आणि सांगितलं की संशोधनाच्या निधीसाठी पाठवलेलं प्रपोजल नामंजूर झालं. ते खोटं बोलले नव्हते. आशा त्यांना होती, फी मला भरायची होती.

पहिलं सेमिस्टर मेसच्या भांडी धुण्याच्या खोलीत काढलं. तासाला 8 डॉलर. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणजे महिन्याला सातशे डॉलरही धड नाहीत. पट्ट्यावरून ट्रे येतच राहायचे, चष्म्यावर सतत वाफ. ताटात भाताचं शीत राहिलं तरी आई बोलायची, आणि इथे मी पिझ्झ्याचे अख्खे तुकडे कचऱ्यात ढकलत होतो. कामाची लाज कधीच वाटली नाही. पण त्या पैशात फी निघत नाही, एवढं खरं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला वाचता आली नाही. व्हिसासाठी विद्यापीठ आय-20 नावाचा जो फॉर्म पाठवतं, त्यात एका बाजूला अंदाजे खर्च असतो आणि दुसऱ्या बाजूला तो कुठून भागणार ते: स्वतःचे पैसे, या शाळेकडून (म्हणजे विद्यापीठाकडून) मिळणारे पैसे, इतर. माझ्या आय-20 वर ‘शाळेकडून’च्या पुढे शून्य होतं आणि सगळी रक्कम ‘स्वतःचे’ या ओळीत. विद्यापीठाच्या दप्तरी सरांच्या त्या आशेची नोंदच नव्हती. तुमची आरए खरी असेल तर तो आकडा तिथे दिसला पाहिजे. आय-20 अजून आला नसेल तर ग्रॅड कोऑर्डिनेटरला, म्हणजे डिपार्टमेंटमध्ये विद्यार्थ्यांचं कागदोपत्री काम बघणाऱ्या व्यक्तीला, विचारा की माझ्या आय-20 वर असिस्टंटशिप दाखवणार आहात का. या बाई किंवा हे गृहस्थ डिपार्टमेंटमधले सगळ्यात कामाचे. प्रोफेसरांना जे माहीत नसतं ते त्यांना माहीत असतं.

प्रोफेसर असं मोघम का बोलतात? आरएचा पैसा त्यांच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी त्यांना मिळालेल्या निधीतून जातो. तुमचा स्टायपेंड (महिन्याचं मानधन), आणि बऱ्याच ठिकाणी तुमची ट्यूशन (शिकण्याची मुख्य फी) सुद्धा, त्याच खात्यातून वळती होते. म्हणजे एक विद्यार्थी घेणं हा त्यांच्या दृष्टीने मोठा खर्च. मग ते पीएचडीवाल्याला आधी घेतात, कारण तो चार-पाच वर्षं टिकतो. एमएसवाला काम शिकेपर्यंत त्याची नोकरीची शोधाशोध सुरू झालेली असते. हे कटू आहे, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

ग्रँट आहे की नाही हे घरबसल्या कळतं. संशोधनाला पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या साइटवर अवॉर्ड सर्च आहे, आरोग्य संशोधनासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं (एनआयएच) रिपोर्टर आहे. दोन्ही फुकट. प्रोफेसरांचं नाव टाका आणि रकमेकडे नंतर बघा, आधी संपण्याची तारीख बघा. तुमच्या पहिल्या सेमिस्टरलाच ग्रँट संपत असेल तर ‘बघू’चा अर्थ समजून जा. काही सापडलं नाही म्हणून लगेच निराशही होऊ नका. कंपन्यांचा आणि संरक्षण खात्याचा पैसा या दोन साइटवर दिसत नाही. मात्र संरक्षणाच्या काही प्रकल्पांवर एक्स्पोर्ट कंट्रोलच्या (संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी हाती जाऊ नये यासाठीच्या) नियमांमुळे परदेशी विद्यार्थ्याला ठेवताच येत नाही. मेकॅनिकल आणि एरोस्पेसमध्ये हे हटकून आडवं येतं, तेव्हा तेही विचारून घ्या.

आता प्रोफेसरांना काय लिहायचं ते. आपल्याला पैशाचं बोलायला संकोच वाटतो, ‘सर काय म्हणतील’ असं होतं. सर काही म्हणत नाहीत, तिकडे हा रोजचा विषय आहे. पाच-सहा ओळी लिहा: तुमच्या अमुक प्रकल्पावर काम करायला आवडेल. होकार देण्याआधी एवढंच जाणून घ्यायचंय की आरए पहिल्या सेमिस्टरपासून आहे का, किती टक्क्यांची, किती काळासाठी, आणि डिपार्टमेंटकडून तसं ऑफर लेटर मिळेल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्यांच्याकडे पैसा आहे ते ‘ऑफिसला सांगतो’ म्हणतात. ज्यांच्याकडे नाही ते तुमच्या प्रोफाइलचं आणखी कौतुक करतात.

लेटर आलंच तर नीट वाचा. ‘50 टक्के अपॉइंटमेंट’ म्हणजे अर्धी फी माफ असं माझ्या रूममेटला वाटलं होतं. तसं नसतं, 50 टक्के म्हणजे आठवड्याला 20 तास काम. ट्यूशन पूर्ण माफ की अर्धी, ते वेगळं लिहिलेलं असतं. 25 टक्क्यांची अपॉइंटमेंट असेल तर जास्तच जपून, कारण काही ठिकाणी तेवढ्यावर माफी मिळतच नाही. ‘निधी उपलब्ध असल्यास’ आणि ‘प्रगती समाधानकारक असल्यास’ ही वाक्यं जवळपास सगळ्या पत्रांत असतात, त्यांना घाबरू नका. आणि ट्यूशन माफ झाली तरी ‘फीज’ म्हणून जी इतर शुल्कं असतात ती अनेकदा तुमच्याच खिशातून जातात.

समजा महिना 2,000 डॉलर स्टायपेंड आहे. डॉलरचे रुपये करून घरी आकडा सांगण्याचा मोह आवरा. अपॉइंटमेंट 9 महिन्यांची, म्हणजे वर्षाला 18,000. फीज 1,600, आरोग्य विमा 2,400, घरभाडं महिना 700 प्रमाणे बारा महिन्यांचं 8,400. उरले 5,600, म्हणजे महिन्याला साधारण 465. त्यातच जेवण, फोन, कपडे, विमानाचं तिकीट आणि थोडा टॅक्स. (भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका कर करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, घेता येतं, इतर बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना नाही. रिटर्न भरताना लक्षात ठेवा.) हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावाचे घाला. उन्हाळ्याचे तीन महिने कोण पोसणार हा प्रश्न मात्र सगळीकडे तोच.

15 एप्रिलबद्दलही विचारलंय. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरचं उत्तर 15 एप्रिलच्या आधी द्यायला भाग पाडत नाहीत. कोणी मार्चमध्येच ‘दोन दिवसांत सांगा’ म्हणालं तर या ठरावाची नम्रपणे आठवण करून देता येते. पण तुमच्या ॲडमिटसोबत आज मदतच नाही, त्यामुळे त्याचं कवच तुम्हाला नाही. डिपार्टमेंटची स्वतःची मुदत पाहा आणि आठवडाभराची वाढ मागा. मागायला काही पडत नाही.

आमच्या वेळेपेक्षा आता जपायला जास्त हवं. 2025 मध्ये अमेरिकी सरकारने चालू ग्रँट्स मध्येच रद्द केल्या, विद्यापीठांना संशोधनाच्या जोडीने मिळणाऱ्या वरखर्चाला कात्री लावायला घेतली, प्रकरणं कोर्टात गेली. बऱ्याच विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन मेडिकल स्कूलने तर दिलेले प्रवेश मागे घेतले. ज्या प्रोफेसरांकडे पूर्वी दोन एमएसवाले असायचे, ते आता आहेत त्या पीएचडीवाल्यांना कसं टिकवायचं या चिंतेत आहेत.

आरए नंतरही मिळते, मला मिळाली. पण मेकॅनिकलमध्ये नाही, शेती अभियांत्रिकीत. मक्याच्या भल्यामोठ्या लोखंडी कोठारांत सेन्सर बसवायचे आणि दाणे वाळताना ओलावा साधारण 15 टक्क्यांवर कधी येतो ते नोंदवायचं. मला प्रोग्रामिंग येत होतं आणि कोठारावर चढायची भीती वाटत नव्हती, एवढ्यावर घेतलं. तोवर पहिल्या सेमिस्टरची पूर्ण फी गेली होती, आणि दुसऱ्याची अर्धी. आमच्या बॅचच्या बाकी सगळ्यांना अशी संधी मिळाली असंही नाही.

शेवटचं काम या आठवड्यातच करा. लॅबच्या पानावर सध्याच्या विद्यार्थ्यांची नावं असतात, त्यात एखादं आपल्याकडचं सापडतंच. त्यांना तीनच गोष्टी विचारा: आधीच्या एमएसवाल्यांना पैसे मिळाले का, कितव्या सेमिस्टरपासून, आणि उन्हाळ्यात काय. ईमेलवर गुळमुळीत उत्तर येईल, फोनवर खरं कळेल. विद्यापीठ मिडवेस्टमध्ये (अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात) असेल तर आपल्या रात्री साडेआठनंतर करा. तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. त्याआधी ग्रॅड स्टुडंट लॅबमध्ये सापडत नाही.